मोरपंखी बोटभर उरला: तालमीच्या फुटबॉल समितीला खुलं पत्र

प्रति,
तालमीच्या फुटबॉल संघाची व्यवस्थापन समिती,
कोल्हापूर.

सप्रेम नमस्कार.

तालमीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पेठेतल्या माणसाला दहा ओळींत कळेल, आणि बाहेरच्याला कळलं तर शाहू स्टेडियमवर समोरच्या बाजूला बसणाऱ्यांना वर्षभर हसायला विषय मिळेल. तरी पत्र उघडं लिहितोय, कारण दुसरी वाट ठेवलेली नाही. गेल्या रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या हंगामाच्या जर्सीचं चित्र आलं. खाली लिहिलं होतं, ‘डिझाइन फायनल, ऑर्डर दिली आहे.’ आणि पाच मिनिटांत ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सोय करून टाकली. तुमच्यातले दोघे माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तिघे माझ्याच वर्गातले. एवढ्या जवळच्या माणसांना पत्र लिहायची वेळ यावी याचं मलाच अवघड वाटतंय.

आधी माझा संबंध सांगतो. मी तालमीचा माजी खेळाडू नाही. शाळेच्या संघात एक वर्ष गोलकीपर होतो आणि ज्या मॅचला आठ गोल खाल्ले ती अजून काही जणांच्या लक्षात आहे. माझा संबंध सुईदोऱ्याचा. वडील शिंपी. पेठेत आमचं दहा बाय बाराचं दुकान, शाळेचे गणवेश आणि पायजमे हा मुख्य धंदा. दिवाळीच्या गडबडीतनं मान वर निघाली की तालमीचा सेट शिवायला यायचा. सोळा शर्ट, सोळा चड्ड्या. शिलाई निम्मी रोख मिळायची, निम्मी ‘बघू की’ मध्ये जायची. वडिलांनी त्याचा हिशेब कधी ठेवला नाही, म्हणून मीही मांडत नाही.

रंगाची गोष्ट तुमच्यातल्या ज्येष्ठांना माहीत आहे, पण नव्या पोरांनी ऐकली नसेल. सत्तरच्या दशकात संघाला गडद निळा रंग हवा होता. इचलकरंजीहून तागा आला तो धड निळा नव्हता की धड हिरवा नव्हता. रंगाचा लॉट चुकलेला. मॅच चार दिवसांवर, तागा परत करायला वेळ नाही. वडिलांनी ‘देवाचं नाव घेऊन’ कात्री लावली. त्या वर्षी संघ फायनलला जाऊन हरला, पण गल्लीतल्या बायकांनी त्या रंगाला साडीच्या दुकानातलं नाव दिलं आणि ते चिकटलं: मोरपंखी. पुढच्या वर्षी वडील नमुन्याची चिंधी खिशात घालून इचलकरंजीला गेले, चुकलेला रंग मुद्दाम तसाच चुकवून आणायला.

आकडे आमच्या घरी कापले जायचे. वडिलांनी पुठ्ठ्याचे साचे केले होते. इंग्रजी सहा उलटा केला की नऊ होतो, त्यामुळं दहा आकड्यांना नऊच साचे. साचा पांढऱ्या कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचं, कापायचं, कडा आत मुडपून कच्च्या टाक्यांनी बसवायची आणि वरनं मशीनची दुहेरी शिलाई मारायची, कारण समोरचा बॅक, म्हणजे बचाव करणारा, मागनं शर्ट धरून ओढतोच. सगळ्यात किचकट आठाची भोकं. ती लहान कात्रीनं कापायला लागायची आणि ते काम माझं. १९८६ साली, मॅराडोनाच्या वर्ल्ड कपच्या वर्षी, मी सातवीत होतो. त्या हंगामात आठ नंबरच्या खेळाडूनं गोल मारला की मी शेजारच्याला सांगायचो, ‘भोकं माझी हाईत.’

आज तेच दुकान मी चालवतो. कुणाच्या मनात येईल म्हणून आत्ताच सांगतो, मला ऑर्डर नको. जर्सी छापायचं मशीन माझ्याकडं नाही आणि घ्यायचंही नाही. युनिफॉर्म आणि अल्टरवर माझं पोट भरतं.

आता त्या चित्राकडं येतो. अंग काळं. छातीपासून खाली सोनेरी धूर निघाल्यासारखं काहीतरी. खांद्यावर खवल्यांची नक्षी. माझ्या पोरानं अर्ध्या मिनिटात फोनवर युरोपातल्या एका मोठ्या क्लबची जुनी अवे, म्हणजे बाहेरच्या मैदानावर घालायची, जर्सी काढून दाखवली, खवल्यांसकट तीच. मोरपंखी शोधायला मला चष्मा लावावा लागला. बाहीच्या कडेला बोटभर पट्टी आहे. जाहिराती मोजल्या, चौदा भरल्या. त्यात दोन फोटो आहेत, हात जोडलेल्या माणसांचे.

पहिली तक्रार रंगाची, आणि खरं सांगायचं तर बाकीच्या नसत्या तरी एवढ्यासाठी लिहिलं असतं. आपल्याकडं संघ कुणाच्या मालकीचा नाही. एखादा कारखाना किंवा शेठ हा संघ चालवत नाही, पेठ चालवते. इथला फुटबॉल चालवणारी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० पासून आहे, आणि तेव्हापासून आजपर्यंत इथल्या फुटबॉलचा कणा पेठापेठांतली मंडळं आणि तालमीच आहेत. खेळाडू बदलतात, आता तर बाहेरच्या जिल्ह्यांतनं, गोव्यातनं, नायजेरियातनं पोरं येऊन एक हंगाम खेळून जातात. समितीही बदलते. मग स्टेडियमच्या पायरीवर बसलेला माणूस ओरडतो तो नेमका कुणासाठी? त्या रंगासाठीच. गणपतीच्या मांडवाला मोरपंखी झालर लागते. आमच्या गल्लीत तीन घरांची दारं त्या रंगाची आहेत. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात नवरदेवाचा फेटा मोरपंखी होता आणि मुलीकडचे दुसऱ्या पेठेतले, तर फेट्यावरनं अर्धा तास चेष्टा चालली होती. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही त्या लग्नात जेवायला माझ्याच पंगतीला होता.

‘काळा रंग आता ट्रेंडिंगला आहे’ असं तुमच्यातला एक जण दुकानात म्हणाला. असेल. पण आपला हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि चषकांच्या स्पर्धा सरकत सरकत एप्रिल-मेपर्यंत जातात. त्या उन्हात दुपारच्या मॅचला काळं पॉलिस्टर घालून नव्वद मिनिटं पळायचं म्हणजे काय, ते समितीतल्या प्रत्येकानं एकदा घालून बघावं. मैदानाला दोन फेऱ्या पुरेत. शिवाय काळा हा पंचांचा जुना रंग. खेळाच्या नियमांतला चौथा नियम सांगतो की दोन्ही संघांचे कपडे एकमेकांपासून आणि पंचांपासूनही वेगळे ओळखू आले पाहिजेत. म्हणजे पंच काळ्यात आले की आपल्याला बदलायला लागणार, आणि आपल्याकडं दुसरा सेट आहेच कुठं? गेल्या वर्षी रंग जुळला म्हणून एक मॅच प्रॅक्टिसच्या बिब, म्हणजे शर्टावरनं घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, घालून खेळलो. त्यातल्या दोन बिब काखेत फाटलेल्या होत्या. मॅचच्या आदल्या रात्री त्या माझ्याकडं आल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं.

रंग बदलल्यानं काय होतं हे जगात लोकांनी भोगून झालंय. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या क्लबला लोक ब्लूबर्ड्स, निळे पक्षी, म्हणतात, म्हणजे रंग नावातच. २०१२ साली मालकानं जर्सी लाल केली. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये गेला, म्हणजे यश मिळालं, पैसाही आला. तरी लोकांनी लाल घेतला नाही. जिंकलेल्या मॅचलाही निळे मफलर घालून बसायचे. २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला. आणि आपल्या देशात बघा. २०२० साली कोलकात्याच्या मोहन बागान क्लबच्या नावापुढं ‘एटीके’ हे दुसऱ्या क्लबचं नाव लागलं. हिरवा आणि मरून रंग तसाच ठेवला होता, तरी ती तीन अक्षरं काढा म्हणून लोक मागं लागले ते २०२३ मध्ये ती निघेपर्यंत. ते मालकीचे क्लब. तिथं लोकांचं ऐकायला लागलं, आणि आपल्याकडं लोकच मालक असताना ग्रुप बंद.

दुसरी तक्रार जाहिरातींची. हे असं का झालं ते मला धंद्यामुळं कळतं. पूर्वी स्क्रीन प्रिंटिंग होतं. दर रंगाला वेगळी स्क्रीन आणि दर स्क्रीनला वेगळे पैसे, म्हणून जाहिरात एकच असायची आणि तीही एका रंगात. आता सबलिमेशन. डिझाइन कागदावर छापायचं, कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवायचा आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्रेसखाली घालायचा. शाईची वाफ होऊन ती धाग्यात मुरते. त्यात एक लोगो टाका नाहीतर वीस टाका, छपाई तेवढ्याच पैशात होते. तंत्र चांगलं आहे, रंग निघत नाही, कापड जड होत नाही. पण फुकट जागा दिसली की माणसाचा हात आवरत नाही, आणि देणगी मागायला गेलेल्याला ‘नाव टाकतो की जर्सीवर’ म्हणणं सोपं पडतं.

आपल्याकडं चौकातल्या फलकाला ‘डिजिटल’ म्हणतात. यंदा मैदानात अकरा डिजिटल पळताना दिसणार. फोटो ज्यांचे आहेत त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांनी तालमीला मदत केली असेल तर त्यांचे आभारच. पण खेळाडू घसरून पडला, जर्सी चिखलात लोळली, की तो फोटो कसा दिसेल याचा विचार कुणी केलाय का? समोरच्या बाजूची पोरं काय काय ओरडतील ते मी इथं लिहू शकत नाही. आधीच स्टेडियमवरची भांडणं गल्लीत यायला वेळ लागत नाही. खेळ बाजूला राहून दगड उचलले गेले, पोलीस आले, मॅच थांबल्या, हे सगळ्यांनी बघितलंय. त्यात छातीवर राजकारण कशाला?

तिसरी तक्रार आकड्याची. ही शिंप्याच्या पोराची तक्रार आहे असं समजून सोडू नका. चित्रात पाठीवरचा आकडा सोनेरी आहे आणि त्याच्या मागं धूरही सोनेरी. वर एक जाहिरात, खाली एक जाहिरात, मध्ये आकडा दबून वीतभरसुद्धा उरलेला नाही. जागतिक स्पर्धांना फिफा पाठीवरचा आकडा २५ ते ३५ सेंटिमीटर उंचीचा मागते, तो उगाच नव्हे. आमच्या शेजारी पायरीवर एक आजोबा बसतात, वय एक्याऐंशी. त्यांना चेहरे दिसत नाहीत, ते आकड्यावर मॅच बघतात. ‘चौदा नंबर लंगडतोय, काढा त्याला’ हे ते कोचच्या आधी सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. दोन वर्षांपूर्वी जर्सीवर चांदीसारखा आकडा केला होता, आठवतंय? ‘आठ’ आणि ‘तीन’ लांबनं सारखेच दिसायचे. फाउल आठानं केला आणि दुसरं पिवळं कार्ड तिनाला मिळालं. तो पोरगा पुढच्या मॅचला बाहेर बसला. त्याचा भाऊ अजून मला ते ऐकवतो, जणू आकडा मीच कापला होता.

चौथी गोष्ट लिहिताना जरा राग येतोय, तरी सांभाळून लिहितो. आपलं बोधचिन्ह म्हणजे एक गोल, त्यात चेंडू, चेंडूमागं आडवी गदा आणि कडेनं मराठीत तालमीचं नाव. ते ज्यानं काढलं तो पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चेंडूचे ठोकळे त्यानं जरा वाकडे काढलेत, आणि गदेची मूठ प्रमाणापेक्षा लांब आहे. तरी ती आपली गदा. नव्या जर्सीवर ढाल आहे, ढालीत सिंह, वर मुकुट, आणि खाली इंग्रजीत आद्याक्षरं आणि ‘एफसी’, म्हणजे फुटबॉल क्लब. ‘तालीम’ हा शब्दच गेला.

बाहेरगावचे लोक मला विचारतात, फुटबॉल टीमचं नाव तालीम कसं? मग मी त्यांना घेऊन जातो. खाली हौद्यात तांबडी माती आहे, कोपऱ्यात मारुती आहे, भिंतीला जुन्या मल्लांचे फोटो आहेत आणि त्याच खुंट्यांवर बूट लटकलेले आहेत. ज्या पोरांनी पहाटे मातीत जोर मारले त्यांनीच संध्याकाळी चेंडू लाथाडला, असा हा खेळ इथं रुजला. महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं असं नाही. ज्या गोष्टीमुळं लोक आपल्याकडं मान वळवून बघतात ती काढून आपण सिंह लावला. सिंह ढिगानं मिळतात, कुठल्याही डिझाइनच्या अ‍ॅपवर. गदा आणि चेंडू एकत्र असलेलं चिन्ह सांगा कुठं बघितलंय?

बोधचिन्ह सरळ करून घ्यायचं असेल तर घ्या. ठोकळे नीट करा, मूठ थोडी आखूड करा, चांगल्या चित्रकाराकडनं करून घ्या. त्याला कुणाचा विरोध नाही. इंग्लंडमध्ये तर २०२५ साली संसदेनं फुटबॉलसाठी कायदाच केला, आणि क्लबचं चिन्ह आणि घरच्या जर्सीचा रंग बदलायचा तर आधी चाहत्यांना विचारायला पाहिजे ही गोष्ट त्यात घातली. आपल्याला कायदा नको, तालमीच्या कट्ट्यावर बसून झालं असतं तरी चाललं असतं.

आणखी एक, छोटी. लोकांना विकायच्या जर्सीची किंमत साडेसहाशे लिहिली आहे आणि मापं एम पासून डबल एक्सएल पर्यंत. लहान पोरांची नाही, बायकांची नाही. पेठेतल्या पोरी हल्ली नुसत्या मॅच बघायला येत नाहीत, खेळतात. त्यांनी भावाची ढगळ जर्सी घालायची काय? आणि ज्या घरात दोन पोरं आहेत त्या घरानं तेराशे रुपये कुठनं काढायचे, त्याच महिन्यात दिवाळीची कापडं घेतलेली असताना?

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं नाही. संघ चालवणं म्हणजे काय हे दुकानात बसून रोज बघतो. खेळाडूंचं मानधन, बाहेरनं आलेल्या पोरांची राहायची-जेवायची सोय, बूट, बॉल, पट्ट्या, बर्फ, एखाद्याचा गुडघा गेला तर दवाखाना. खजिनदारकाका ऑगस्टपासून वही घेऊन दारोदार फिरतात, काही दारांवर चहा मिळतो आणि काहींवर ‘साहेब बाहेर गेल्यात’. मॅच हरलो की हेच लोक, म्हणजे आम्हीच, तुम्हाला पायरीवरनं नको ते बोलतो. जिंकलो की गुलाल आमच्या डोक्यावर आणि हलगीवाल्याचं बिल तुमच्या. तेव्हा जाहिरात नकोच असं म्हणण्याएवढा मी खुळा नाही. जर्सी नव्यानं करायला नको असंही म्हणत नाही. माझ्या पोराच्या पिढीला नक्षी आवडते, कॉलर आवडत नाही, ठीक आहे. वडिलांच्या वेळच्या कॉलरचा मलाही मानेला त्रास व्हायचा.

आम्हाला काय पाहिजे ते सरळ सांगतो.

जर्सीचं अंग मोरपंखी राहू द्या. नक्षी करायची ती त्याच रंगाच्या फिक्या-गडद छटांत करा. सबलिमेशनमध्ये ते सहज होतं. काळा-सोनेरी इतका आवडला असेल तर गोलकीपरला द्या, त्याचा रंग वेगळा लागतोच.

छातीवर एक जाहिरात, बाहीवर एक. ज्यांनी सगळ्यात जास्त दिलंय त्यांची. बाकीच्या बारा जणांची नावं तालमीच्या दारातल्या फलकावर लावा, खेळाडूंच्या गाडीवर लावा, पहिल्या मॅचला मैदानात बोलावून नारळ द्या. त्यातल्या सात जणांशी मी स्वतः बोललो आहे. एकानंही ‘जर्सीवर नाव नसेल तर पैसे परत द्या’ असं म्हटलेलं नाही. एक जण तर म्हणाला, मी मागितलंच नव्हतं. माणसांचे फोटो कुठल्याही परिस्थितीत नकोत.

आकडा पांढरा, उंची किमान २५ सेंटिमीटर, मागं सपाट रंग. आकड्याच्या वर खेळाडूचं नाव मराठीत घाला. नायजेरियाच्या पोराचंही मराठीत घाला, त्याला आवडेल, फोटो काढून घरी पाठवेल.

गदा परत. ‘तालीम’ शब्द परत.

दुसरा सेट यंदाच करा, साधा पांढरा, बिनजाहिरातीचा असला तरी चालेल.

लहान पोरांची मापं काढा आणि त्यांची किंमत तीनशेच्या आत ठेवा. बायकांची मापं काढा. मापं घ्यायला मी येतो, त्याचे पैसे नकोत.

आणि यापुढं रंग किंवा चिन्ह बदलायचं झालं तर आधी पेठेसमोर तीन नमुने ठेवा आणि हात वर करून घ्या. ब्राझीलची पिवळी जर्सी अशीच लोकांतनं आली. १९५० साली वर्ल्ड कपला रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेकडून हरल्यावर त्यांना पांढरी जर्सी नकोशी झाली. १९५३ साली एका वर्तमानपत्रानं स्पर्धा घेतली आणि आल्दिर गार्सिया श्ली नावाच्या, विशीच्या आतल्या पोराचं चित्र निवडलं गेलं. १९५४ च्या वर्ल्ड कपपासून ब्राझील पिवळ्यात आहे. वर्ल्ड कप आला की निम्म्या पेठा ज्या पिवळ्या झेंड्यांनी भरतात, तो रंग एका पोरानं काढलेला. आपल्याही गल्लीत चित्र काढणारी पोरं आहेत. एकीनं तर परवा चौकातल्या भिंतीवर जो मोर काढलाय, तो जर्सीवर घेतला तर खवल्यांची आठवणसुद्धा येणार नाही.

‘ऑर्डर दिली आहे’ याचंही बघितलं. छपाईवाला माझ्या ओळखीचा आहे. प्रिंटिंग अजून सुरू झालेलं नाही, डिझाइनचे आणि अ‍ॅडव्हान्सचे मिळून सात हजार गेलेत. ते बुडाले तर तालमीच्या खिशातनं जायला नकोत. पस्तीस जणांनी दोनशे-दोनशे रुपये काढायचं कबूल केलंय, नावांची यादी माझ्याकडं आहे. त्यात ते एक्याऐंशी वर्षांचे आजोबाही आहेत. ते म्हणाले, चारशे घे, पण आकडा दिसू दे.

येत्या शनिवारी मारुतीची आरती झाली की साडेआठला आम्ही तालमीत येतोय. घोषणा नाहीत, फलक नाहीत, हलगी नाही. तुम्ही फक्त तासभर थांबा, आणि ग्रुप तोवर उघडा करा. चहाचं मी सांगून ठेवलंय.

आपला,
आकडे शिवणाऱ्या शिंप्याचा मुलगा

ता. क. छपाईवाल्याला रंगाचा नमुना लागेल, तो मी घेऊन येतो. १९८६ चा आठ नंबरचा शर्ट आमच्या कपाटात आहे. बाहेरनं उन्हानं उडून तो राखाडी दिसतो, त्यावर जाऊ नका. कॉलर उलटी करून शिलाईच्या आत बघायचं, तिथं रंग जसाच्या तसा आहे.